यादीतलं नववं नाव

होनगावच्या चावडीत पटवारी अंबादासराव यादी वाचत होते आणि ऐकायला धड दहा माणसंही नव्हती. मार्गशीर्षाचे दिवस. तुरीच्या शेंगा भरत आलेल्या, शाळू पोटरीला आलेला, गव्हाला पाण्याची घाई. असल्या दिवसांत सरकारी कागद ऐकायला कुणाला सवड असते? पण कोतवालानं आदल्या दिवशी दवंडी पिटली होती, आणि दवंडीला अगदीच कुणी गेलं नाही तर अंबादासराव ते मनात धरून ठेवतात हे गावाला ठाऊक होतं. म्हणून ज्यांची घरं चावडीजवळ होती तेवढे येऊन बसले होते.

निजाम सरकारनं हैदराबादेत नवी असेंब्ली भरवायचं ठरवलं होतं. तिच्यासाठी मतं घ्यायची होती. मत मात्र सगळ्यांना नव्हतं. ज्याच्या नावावर बऱ्यापैकी जमिनीचा पट्टा, त्यालाच. दोनशे उंबऱ्यांच्या होनगावात अशी सतरा नावं निघाली. सतराही लिंगायतांची, कारण गावची चांगली जमीन त्यांच्याच हाती होती. बाकीच्या गावाला या यादीचं सोयरसुतक नव्हतं आणि यादीला बाकीच्या गावाचं.

रुद्रम्मा चावडीच्या खांबाला टेकून उभी होती. ती यादी ऐकायला आली नव्हती. तिच्या हातात विरासतीचा अर्ज होता. नवरा गेल्यावर त्याची जमीन आपल्या नावावर लावून घ्यायची, तिला विरासत म्हणत. पहिला अर्ज अंबादासरावांकडून हरवला. दुसऱ्यावर त्यांनी सरकारी तिकीट लावलेलं नाही म्हणून काट मारली. आता हा तिसरा. लोहाऱ्याहून तिकीट आणून, लिहून घेऊन ती सकाळपासून उभी होती आणि कुणी तिला बस म्हणालं नव्हतं.

"शरणबसप्पा वल्द सिद्रामप्पा," अंबादासरावांनी नववं नाव पुकारलं.

रुद्रम्मानं चटकन दाराकडं पाहिलं. नाव पुकारलं की माणूस येतो, एवढीच ती सवय. मग तिची तिलाच लाज वाटली आणि तिनं पदर पुढं ओढला. शरणबसप्पा तिचा नवरा. त्याला जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. बसलेल्यांतला एकजण हळूच म्हणाला की ते तर मागल्या सालच्या श्रावणातच गेले. अंबादासरावांनी मान वर केली नाही. यादी वरून छापून आलीय, पट्ट्याला जे नाव आहे तेच यादीत आहे, असं म्हणून त्यांनी दहावं नाव घेतलं.

यादी संपल्यावर रुद्रम्मानं अर्ज पुढं केला. त्यांनी तो घेतला, दगडाखाली ठेवला आणि इलेक्शन उरकल्यावर बघू म्हणाले. ती पायऱ्या उतरली. आपल्या माणसाला मेलेला ठरवायला आपण सव्वा वर्ष हेलपाटे घालतोय आणि सरकार मात्र त्याला मत द्यायला बोलावतंय, या गोष्टीवर हसावं की रडावं ते तिला कळेना.

खरी गोष्ट सात एकराची होती. मळा चांगला, विहिरीला बारमाही पाणी. शेजारचं शेत हणमंतप्पाचं, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या चुलत भावाचं. बाईच्या नावावर पट्टा कसला लावायचा, तिची पोरगी महादेवी उद्या लग्न होऊन जाईल, जमीन भावकीतच राहायला हवी, असं तो चारचौघांत उघड बोलायचा. आणि मळ्याच्या कोपऱ्यात लिंबाखाली शरणबसप्पाला बसवला होता. लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात. जमीन गेली असती तर ती जागाही दुसऱ्याच्या नांगराखाली गेली असती. रुद्रम्माला झोप लागत नव्हती ती यामुळं.

दुसऱ्या दिवशी मठात बैठक बसली. स्टेट काँग्रेसनं या मतांवर बहिष्कार टाकला होता. सोलापूरच्या वर्तमानपत्रात ते छापून आलं होतं आणि ते वर्तमानपत्र कुण्या कापडवाल्याच्या गाठोड्यातून होनगावात पोचलं होतं. कल्याणप्पानं ते वाचून दाखवलं. कल्याणप्पा गावातला वडील माणूस. त्याच्या पेटीत तळाशी एक पांढरी टोपी होती म्हणे; घातलेली कुणी पाहिली नव्हती, पण ती आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

सगळ्यांची मनं काही सारखी नव्हती. धोंडप्पाला राज्य कुणाचंही आलं तरी चालणार होतं, फक्त त्याच्या दारात शिपाई यायला नको होता. ईरण्णाचा राग लेव्हीवर होता. सरकारी माणसं त्याच्या पेवातली ज्वारी उपसून घेऊन गेली होती आणि त्या वर्षी त्याच्या घरी माघापासून अंबाडीच्या भाजीवर दिवस काढले होते. हणमंतप्पा साहेबलोकांत ऊठबस असलेला, तो आधी वाकडं वाकडं बोलला. पण मठाच्या जंगमस्वामींपुढं बेलाचं ताट आलं तेव्हा तोही मागं राहिला नाही. एकेकानं बेलाचं पान उचललं, कपाळाला लावलं आणि मत द्यायला जाणार नाही म्हणून सांगितलं. सोळा जणांनी बेल उचलला.

रुद्रम्मा बायकांत, ओसरीच्या कडेला बसली होती. सोळावा माणूस खाली बसला तशी ती उठून पुढं आली आणि माझ्या घरचं नाव यादीत आहे म्हणाली.

कल्याणप्पा वाईट माणूस नव्हता. तो मऊच बोलला. "तुझ्या घरचं मत मातीत गेलं, रुद्रम्मा. तुला कशाचा बेल?"

कुणी हसलं नाही. तरी ती परत जागेवर जाऊन बसली तेव्हा तिचे कान तापले होते. नवरा असता तर त्याला ताटापुढं बोलावलं असतं, त्याचा हात धरून पाटावर बसवलं असतं. तिला मत द्यायचं नव्हतं आणि असेंब्लीशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. पण गावानं मोजताना तिच्या घराला मोजलं नाही, हे तिला फार लागलं.

शनिवारी ती मोट हाकत होती. तिच्या दावणीला एकच बैल उरला होता. जोडीतला दुसरा शरणबसप्पाच्या दुखण्यात विकला गेला. शेजारच्या ईरण्णाकडंही एकच. म्हणून दोघांची सावड होती. दोन घरचे दोन बैल मिळून एक जोडी, एक दिवस तिच्या विहिरीवर, एक दिवस त्याच्या. बैल धावेवरून खाली उतरू लागले की ती नाड्यावर अंग टाकून बसायची, मोट वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची, आणि मग बैलांना मागं रेटत पुन्हा वर. बाईनं मोट हाकायची पद्धत नव्हती. पहिल्या दिवशी लोक बघायला आले होते. नंतर त्यांचंही कौतुक संपलं. खाली महादेवी दारं धरून एकेका वाफ्यात पाणी सोडत होती, पिंडऱ्यांपर्यंत चिखलात.

अंबादासराव तट्टावरून आले. लिंबाच्या सावलीत, शरणबसप्पाला बसवलं होतं त्याच्या अगदी शेजारी, जोडे न काढता टेकले. रुद्रम्मानं मोट थांबवली. तिला ते जोडे आवडले नाहीत, पण बोलायची सोय नव्हती.

त्यांनी आधी गव्हाची चौकशी केली, महादेवीच्या लग्नाची केली. मग म्हणाले की सोमवारी लोहाऱ्याच्या कचेरीत मतं आहेत आणि होनगावचं एकही मत पडलं नाही तर वर गावाचं नाव खराब होईल. पलटणीची माणसं येऊन राहतील, सगळ्यांनाच त्रास. एक मत पडलं तरी गावाची इज्जत राहते.

"सोळा जणांनी बेल उचललाय, मला ठाऊक आहे. तुझ्या माणसानं उचललाय का?"

"त्यांनी कसा उचलावा?"

"मग झालं तर."

त्यांनी समजावून सांगितलं. तिनं फक्त यायचं. माणूस हयात आहे, अंथरुणाला खिळलाय, त्याच्या वतीनं मी आलेय, एवढं बोलायचं आणि अंगठा उठवायचा. बाकीचं ते बघून घेतील. कुणाचा बेल मोडत नाही, कुणाचं काही जात नाही. आणि पुढच्या आठ दिवसांत विरासत मंजूर करून कागद तिच्या घरी आणून देतील. हे शेवटचं त्यांनी लिंबाच्या बुंध्यावर हात ठेवून सांगितलं.

ते गेल्यावर तिनं पुन्हा बैल हाकले. दोन मोटा रिकाम्या झाल्या तरी ती विचारच करत होती. मेलेल्या माणसाच्या मतानं कुणाचं काय बिघडणार? गावानं तर तिला विचारलंच नव्हतं. महादेवी खालून ओरडली की वाफा फुटला, पाणी वाया चाललंय, तेव्हा ती भानावर आली. जायचं, असं तोवर तिचं ठरून गेलं होतं.

सोमवारी लिंगायताच्या घरी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो बसवण्णाचा वार. सरकारनं मतांसाठी नेमका सोमवार धरला आणि गावाला आयतीच सबब सापडली. पटवाऱ्यावरचे साहेब, म्हणजे गिरदावर, त्यांचा शिपाई आदल्या दिवशी विचारायला आला, तर जो तो हात जोडून म्हणाला की साहेब, यायला आमची ना कुठं आहे, पण सोमवार पडला, गाडी कशी जुपावी? शिपाई बिचारा परत गेला. एरवी सोमवारी लोहाऱ्यात सोयरीक निघाली तर हीच मंडळी तीन कोस पायी तुडवत जात आणि वर जेवून येत. पण पायी या असं म्हणायचं त्या शिपायाला सुचलं नाही.

रुद्रम्मा पहाटे मळ्यात गेली. दर सोमवारसारखं तिनं लिंबाखालची जागा सारवली, बेल वाहिला. कुठं चाललेय ते तिनं त्याला सांगितलं. मग भाकरी बांधून घेऊन वाटेला लागली.

बसवण्णाच्या देवळाच्या कट्ट्यावर धुतलेली धोतरं नेसून सगळे बसले होते. विभूतीचे पट्टे ओढलेले, हातात काम नाही. आज गावातून कोण बाहेर पडतं ते बघायलाच जणू बसले होते. ईरण्णानं विचारलं, "वैनी, कुणीकडं?"

"लोहाऱ्याला."

पुढं कुणी काही विचारलं नाही. थांबून सगळं सांगावं असं तिच्या मनात आलं. पण दिवस वर चढत होता, आणि मठातली ती गोष्ट अजून सलत होती. संध्याकाळी येऊन सांगू म्हणून ती पुढं निघाली. तिची चूक म्हणायची तर ती इथं झाली.

वाटेनं ती बोलायचे शब्द घोकत होती. हायत. घरी हायत. अंथरुणावर हायत, उठता येत न्हाय. पहिल्या कोसात तोंडात शब्द नीट बसेनात. दुसऱ्या कोसात बसले. आणि मग भलतंच व्हायला लागलं. तिला घराकडं परतायची घाई सुटली. तो एकटा पडलाय, महादेवीनं त्याला पेज दिली असेल का, कूस बदलून दिली असेल का, असलं काहीबाही मनात येऊ लागलं. तीन कोसांतला दीड कोस तिचा नवरा जिवंत होता. लोहाऱ्याची घरं दिसली तेव्हा ती रस्त्याच्या कडेला खाली बसली, लोट्यातलं पाणी प्याली आणि मगच उठली.

कचेरीच्या पडवीत एक टेबल, त्यावर पेटी. दोन शिपाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते आणि टरफलांचा ढीग मताच्या कागदांपेक्षा मोठा झाला होता. सकाळपासून अकरा गावची मिळून नऊ माणसं आली होती. टेबलामागं गिरदावर बसले होते. वयस्क मुसलमान गृहस्थ, गळ्याला लोकरीचा मफलर, सारखे खोकत होते. होनगावचं कुणी आलंय हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी शिपायाला बाईला पाणी द्यायला सांगितलं. अंबादासराव बाजूला उभेच होते.

गिरदावरांनी यादीवरून बोट फिरवलं. "शरणबसप्पा वल्द सिद्रामप्पा. हयात आहेत?"

अंबादासराव लगेच म्हणाले, "हयात आहेत साहेब. आजारी असतात. घरधनीण आलीय."

"तुमको नहीं पूछा, पटवारी. बाई, तुम्ही सांगा."

शब्द तोंडाशी तयार होता. एवढं हाय म्हटलं की विरासत, मळा, विहीर, लिंबाखालची जागा, सगळं हाती येणार होतं. तिनं तोंड उघडलं आणि तिला समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातातला टाक दिसला. आता हा माणूस लिहिणार. आपण म्हणू ते लिहिणार, आणि मग ते खरं होणार. वाटेनं मनातल्या मनात त्याला जिवंत करणं वेगळं होतं. इथं त्याला जिवंत म्हणणं म्हणजे त्याला विकायला काढणं, असं तिला वाटलं.

"न्हाईत," ती म्हणाली. "मागल्या साली श्रावणात गेले. आमच्या शेतात बसवलंय त्यांना."

गिरदावरांनी टाक खाली ठेवला. मग त्यांनी शेजारचं दप्तर सोडलं, त्यातून एक कागद काढला आणि वाचून दाखवला. तो राजीनामा होता. शरणबसप्पा वल्द सिद्रामप्पा यानं आपल्या खुशीनं सातही एकर जमीन सोडून भाऊ हणमंतप्पाच्या नावावर लावावी असा. खाली अंगठा. तारीख महिन्याभरापूर्वीची. अक्षर अंबादासरावांचं.

रुद्रम्माला लिहितावाचता येत नव्हतं, पण हे समजायला लिहितावाचता यायची गरज नव्हती. आज ती हयात म्हणाली असती तर तिच्या स्वतःच्या अंगठ्यानं तिचा नवरा कागदावर जिवंत झाला असता, आणि त्या जिवंत माणसानं महिन्यापूर्वी जमीन देऊन टाकली होती. ती तिथंच फरशीवर बसली.

गिरदावर ओरडले नाहीत. अंबादासरावांकडं त्यांनी एकदा पाहिलं, तेवढ्यानं अंबादासरावांची मान खाली गेली. मग त्यांनी तिचं म्हणणं एका कागदावर उतरवून घेतलं आणि म्हणाले की एक कागद म्हणतो मेला, दुसरा म्हणतो जिंदा. मला गावात येऊन विचारावं लागेल. गुरुवारी चावडीत येतो. गावचे दोन पट्टेदार माझ्यासमोर उभे राहून तुमचा माणूस मेला म्हणून सांगू देत, की राजीनामा फाडतो आणि विरासत लिहितो. दोन पट्टेदार. त्यांनी दोन बोटं वर करून दाखवली.

दोन माणसं. तिला ते अगदीच सोपं वाटलं. सगळा गाव मातीला होता. परत येताना ती भराभर चालली.

पण तट्टू तिच्या आधी गावात पोचलं होतं. अंबादासराव हणमंतप्पाच्या घरी उतरले, आणि दिवस मावळायच्या आत घरोघर झालं की रुद्रम्मानं विरासतीपायी मत टाकलं. ती आली तेव्हा कट्टा मोकळा होता. वाटेत भेटलेल्या दोघींनी तोंडं फिरवली. महादेवी दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "अव्वा, खरं हाय का?" रुद्रम्मानं तिला सगळं सांगितलं. त्या गावात तिच्यावर विश्वास ठेवणारं माणूस त्या दिवशी तेवढं एकच होतं.

मंगळवार सावडीचा, तिच्या विहिरीचा. ईरण्णाचा बैल आला नाही. ती त्याच्या दारी गेली तर त्याची बायको गौराबाई म्हणाली की बैलाच्या खुरात काटा भरलाय. बैल मागं गोठ्यात चारी पायांवर उभा राहून कडबा खात होता. दोघींनाही तो दिसत होता.

"म्या मत दिलं न्हाय, गौराबाई."

"मग तीन कोस कशाला गेला हुता?"

द्यायलाच गेली होती, पण दिलं नाही, हे खरं होतं आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवण्यासारखं नव्हतं. ती परत फिरली.

दोन दिवस मायलेकींनी विहिरीच्या पायऱ्या उतरून घागरींनी पाणी वर काढलं. दहा वाफ्यांपैकी तीन भिजले. महादेवीच्या तळव्यांना फोड आले, रुद्रम्माचा उजवा खांदा वर जाईना. बुधवारी दुपारी ती तशीच चिखलाच्या पायांनी कल्याणप्पाकडं गेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं. खरं असेल, म्हणाला. पण सोळा जणांचा बेल आहे, त्यांच्या मनात किल्मिष आलंय, आणि या दिवसांत सरकारी कागदाला हात लावायचा नाही असं सगळ्यांचं ठरलंय. तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता. तिनं विचारलं की मी येऊन सगळ्यांपुढं बेल उचलू का? त्यावर त्यानं सुनेला रुद्रम्माला गूळपाणी द्यायला सांगितलं. ते न घेताच ती उठली.

गुरुवारी चावडी भरली. यादीच्या दिवशी धड दहा माणसं आली नव्हती, पण आज सगळे आले होते, आणि ज्यांची नावं यादीत नव्हती ते बाहेर भिंतीवर बसले होते. गिरदावर खोकत खोकत जाजमावर टेकले. त्यांनी दोन्ही कागद पुढं मांडले, काय प्रश्न आहे ते सांगितलं आणि विचारलं, "शरणबसप्पा मयत झाला हे कोण सांगतो?"

कुणी हललं नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा कल्याणप्पा उठला आणि म्हणाला की साहेब, आधी आम्हाला एवढं सांगा, या बाईनं सोमवारी मत दिलं का नाही? रुद्रम्माच्या जिवात जीव आला. गिरदावरांना तर ठाऊक होतं. गिरदावरांनी तिच्याकडं पाहिलं, मग कल्याणप्पाकडं. मत कुणी दिलं, कुणी नाही, हे सांगायचा मला हुकूम नाही, असं ते म्हणाले. आवाजात दिलगिरी होती, पण हुकूम तो हुकूम.

"सांगत न्हाईत, म्हंजे दिलंच," हणमंतप्पा भिंतीकडून बोलला.

कल्याणप्पा खाली बसला. गिरदावरांनी थोडी वाट पाहिली. मग त्यांनी राजीनाम्याचा कागद हातात घेतला आणि म्हणाले की गावात कुणीच हा माणूस मेला म्हणत नसेल, तर मला तो जिंदा धरावा लागेल.

रुद्रम्मा खांबापासून पुढं आली. इतक्या पुरुषांसमोर ती कधी बोलली नव्हती. तिचा आवाज चढला नाही.

"म्या कुणाला माझ्यासाठी बोला म्हणत न्हाय," ती म्हणाली. "मला धरू नका तुमच्यात. पर त्यांला तुमी वळखत हुता. तुमच्यातल्या कुणीच त्यांला मातीत बसवलं नसंल, तर ते जित्ते हायत. जित्ते असतील तर त्यांला घरी धाडा. सव्वा वरीस झालं, आमी दोघी वाट बघतोय."

ती थांबली. गिरदावर खोकला दाबून बसले होते.

ईरण्णा उठला. तो लहानखुरा माणूस, चारचौघांत त्याच्या तोंडून कधी शब्द फुटायचा नाही. "साहेब," तो म्हणाला, "खड्ड्यात म्या उतरलो हुतो. मांडी म्या घातली त्यांची. पाय ताठले हुते, वळत नव्हते." त्यानं जाऊन अंगठा पुढं केला.

सगळ्यांच्या नजरा कल्याणप्पाकडं गेल्या. म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. "लिंग त्याच्या तळहातावर म्या ठेवलं. मेला, साहेब. चांगला माणूस हुता." त्यानं कागदावर सही केली.

गिरदावर म्हणाले, बस, दोन झाले. पण तोवर तिसरा उठला होता. त्यानं विभूतीचं पोतं आणलं होतं. चौथ्यानं मीठ. धोंडप्पानं भर पावसात खड्डा खणला होता, आणि खड्ड्यात पाणी साचत होतं ते टोपल्यानं उपसलं होतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते रांगेनं पुढं येत होते, आपण त्या दिवशी काय केलं ते सांगत होते आणि मेला म्हणत होते. हणमंतप्पा मधेच कधी उठून गेला ते कुणी पाहिलं नाही. बाकीच्या पंधराही जणांनी सांगितलं.

रुद्रम्मा ऐकत होती. एवढं एक वाक्य कुणीतरी बोलावं म्हणून ती किती पायऱ्या झिजवत आली होती. आता ते पंधरा वेळा बोललं जात होतं. पाय वळत नव्हते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. खड्ड्यात पाणी होतं हेही नाही. बायका मातीला जात नाहीत.

गिरदावरांनी राजीनामा फाडला. पंचनामा पुरा करून त्यांनी तिच्यापुढं सरकवला आणि वाचून दाखवला: शरणबसप्पा वल्द सिद्रामप्पा, मयत. खाली तिच्या अंगठ्याची जागा दाखवली.

तिनं अंगठा शाईत बुडवला. कागदावर नेला आणि तिथंच धरून राहिली. या सव्वा वर्षात तिला अर्ज, तिकीट, मोट, गहू सगळ्याला वेळ मिळाला होता. रडायला तेवढी सवड झाली नव्हती. ते आता आलं. पदर तोंडात धरून ती वाकली, पाठ हलायला लागली, आणि शाईचा अंगठा कागदाच्या वर तसाच राहिला. अंबादासराव काहीतरी म्हणायला गेले, गिरदावरांनी हातानंच त्यांना गप्प केलं.

"लावते, साहेब," ती म्हणाली. "थोडं थांबा."

पंधराही माणसं उभी होती. कुणी खाली बसलं नाही.